अठ्ठावीस फूट आकाश

मी गेले होते माझा पडदा परत आणायला. एवढंच काम होतं.

आमच्याकडे एक छंद मंडळ आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन भरतं. कुणी काड्यापेट्या मांडतं, कुणी जुनी कुलुपं. एक निवृत्त पोस्टमन दरवर्षी तीच शिंपल्यांची बोट आणतो आणि दरवर्षी लोक त्याला "नवीन केलीत का?" म्हणून विचारतात. तर कुणाच्या तरी भाषणासाठी त्यांनी माझा सिनेमा दाखवायचा पांढरा पडदा नेला होता आणि नेहमीप्रमाणे परत द्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शनिवारची दुपार होती. मी हॉस्पिटलमधल्या कामावरून सुटले, जिना चढले, पडद्याची गुंडाळी काखेत मारली आणि वळले. समोरच्या भिंतीवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावलेला फोटो होता.

रात्रीचं आकाश. खाली दगडाच्या जुन्या खाणीची काळी कड आणि वर मुठीने उधळावेत तसे तारे. फोटो सुंदर होता, मी नाही म्हणत नाही. खाली चिठ्ठी होती: 'खाणीवरचं आकाश'. तिच्याखाली बाजारातल्या चष्मेवाल्याचं नाव आणि तारीख.

माझा भाऊ त्याच रात्री, त्याच खाणीत मेला होता.

भावाबद्दल आधी सांगते, नाहीतर मी एवढी का पेटले ते तुम्हाला कळायचं नाही. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. रात्ररात्र जागून ताऱ्यांचे फोटो काढायचा, म्हणून मी त्याला घुबड म्हणायचे. आईला ते अजिबात आवडायचं नाही. "घरात असलं काही बोलू नकोस," म्हणून ती माझ्यावर ओरडायची आणि मग स्वतःच विचारायची, "घुबड जेवलं का?" माझा छंद जुन्या फिल्म्सचा. थिएटरं बंद पडली की अडगळीतून जे पत्र्याचे डबे बाहेर येतात, ते मी उचलून आणते. अनोळखी लोकांची लग्नं, साबणाच्या जाहिराती, दात कसे घासावेत यावर बारा मिनिटांची एक मूक फिल्म. आमचा करार होता, एक रविवार माझा आणि एक रविवार त्याचा. माझ्या रविवारी तो दुसऱ्या रिळाला पेंगायचा. त्याच्या रविवारी मी कुठल्यातरी माळावर गाडीत मान टाकून झोपायचे.

"तुझ्या आकाशात काही घडतच नाही रे," मी म्हणायचे.

"घडतं ताई. तोपर्यंत तू घोरायला लागलेली असतेस."

त्यानेच मला ताऱ्यांच्या फोटोंची पद्धत समजावून सांगितली होती. एक फोटो काढून भागत नाही. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा आणि त्याच आकाशाचे वीस-वीस सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे. मग ते सगळे कॉम्प्युटरला देऊन एकावर एक रचायचे. जे सगळ्या फोटोंत आहे ते कॉम्प्युटर ठेवतो, जे थोड्या फोटोंत आहे ते पुसून टाकतो. विमान जातं, काजवा जातो, लांबच्या मोटारीचा दिवा जातो. शेवटी लेन्सला झाकण लावून नुसत्या अंधाराचे वीस फोटो घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात आणि तेही पुसता येतात. फोन बंद करून गाडीच्या कप्प्यात ठेवायचे आणि कपाळाला फक्त लाल दिवा बांधायचा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. हे सगळं तो वर्गात शिकवल्यासारखं सांगायचा आणि मी जांभया द्यायचे.

आठ महिन्यांपूर्वी तो चष्मेवाल्याबरोबर खाणीवर गेला. चष्मेवाल्याचं बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. उंच, मऊ बोलणारा माणूस. बोलताना सारखा स्वतःच्या काचा पुसत असतो. सकाळी तो एकटा परत आला. म्हणाला, कॅमेरा कुठे लावायचा यावरून आमची बाचाबाची झाली, तुमचा भाऊ रागारागाने रस्त्याकडे निघून गेला, मी अकरा वाजता गाडीत झोपलो तो उजाडेपर्यंत. भाऊ दुपारी सापडला, खाणीच्या तळाशी. पाय मोडलेला आणि मानही.

आणि आम्ही ते मानलं. आमच्या घरात सगळ्यांचाच राग नाकावर असतो, त्याचा तर शेंड्यावर. रागावून गेला असेल, अंधारात पाय घसरला असेल. आईने डोळ्यांतून एक थेंबही गाळला नाही. तिने त्याचा भिंतीवरचा फोटो काढून कपाटाच्या खालच्या खणात पालथा ठेवला. "रागापायी गेला. स्वतःच्या पायांनी गेला. मला त्याच्याबद्दल काही सांगू नका," म्हणाली. मेलेल्या मुलावर रुसून बसलेली आई तुम्ही पाहिली आहे का? मी आठ महिने पाहत होते. तिच्यासमोर त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

आणि इथे हा माणूस त्याच रात्रीचं आकाश भिंतीवर टांगून फीत लावून घेत होता.

मी त्याला खिडकीपाशी गाठलं. "ही तारीख..."

"हो ताई. त्याच रात्रीचा आहे. त्याच्या आठवणीसाठीच लावला."

"त्याचं नाव कुठे आहे मग?"

तो काचा पुसायला लागला. "कॅमेरा माझा होता ना..."

माझ्या काखेत पडद्याची गुंडाळी होती, आत चांगला जाड लाकडी दांडा असलेली. ती मी त्याच्या डोक्यात कशी घातली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मी एवढंच म्हणाले, "त्या रात्रीचे सगळे फोटो मला द्या. रचलेला नको. सुटे, सगळेच्या सगळे."

"त्यात काही नाही ताई, नुसतं आकाश आहे. मी स्वतःसुद्धा सुटे कधी उघडून बघत नाही. कोणीच बघत नाही." आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काउंटरवरून त्याने ते मला खरोखरच दिले, पेनड्राइव्हमध्ये. तो मनाचा मोठा म्हणून नव्हे. त्याने ते बघितलेच नव्हते.

पाचशे चाळीस फोटो आकाशाचे, वीस अंधाराचे. मी ते कॉम्प्युटरवर एकामागून एक पुढे सरकवत गेले. पहिले सत्त्याण्णव स्वच्छ. अठ्ठ्याण्णवाव्यात खाणीच्या समोरच्या भिंतीवर, वरून दहा-बारा फूट खाली, लाल रेघोटी उमटली. पुढच्यातही. कधी उभी, कधी आडवी, लहान मूल खडूने गिरगटतं तशी. कपाळाचा लाल दिवा हातात घेऊन कुणीतरी हलवत होतं. तीनशे दहाव्या फोटोपर्यंत हलवत होतं. मी हिशेब केला. दोनशे तेरा फोटो, प्रत्येकी वीस सेकंद. एकाहत्तर मिनिटं.

तो रस्त्याकडे गेलाच नव्हता. खाणीला वळसा घालून पलीकडे गेला होता, घसरून कपारीत अडकला होता, पाय मोडला होता. फोन गाडीच्या कप्प्यात. आणि एकाहत्तर मिनिटं तो दिवा हलवत होता. एकावर एक रचताना कॉम्प्युटरने त्याला काजव्यासारखा पुसून टाकला आणि त्या पुसलेल्या आकाशाला पहिलं बक्षीस मिळालं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तशीच दुकानात जाऊन तमाशा केला असता, पण मला तमाशा नको होता. तो खरंच झोपला होता की नाही, ते मला त्याच्या तोंडून हवं होतं. आणि ते त्याने आईसमोर सांगायला हवं होतं. त्याच्या झोपेवर माझा विश्वास नव्हता, कारण शेवटच्या वीस फोटोंत लेन्सवर झाकण होतं. ते उजाडायच्या बरंच आधी कोणीतरी लावलं होतं.

कॉम्प्युटरवर दाखवलं असतं तर 'विमान असेल ताई' म्हणून त्याने वेळ मारून नेली असती. मला ते भिंतीएवढं हवं होतं. माझ्याकडे किल्लीवर चालणारा जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा एकेक फोटो मी फिल्मच्या दोन-दोन चौकटींवर घेतला. पाचशे साठ फोटोंच्या अकराशे वीस चौकटी. फुटाला चाळीस, म्हणजे अठ्ठावीस फूट. मी एक्स-रे काढते. हॉस्पिटलची जुनी डार्करूम अजून शाबूत आहे. तिथल्या टाकीत ती फिल्म धुतली, वाळवली, फूटपट्टीवर मोजली. बरोबर अठ्ठावीस. पॉझिटिव्ह मी केलीच नाही, निगेटिव्हच ठेवली. उलटं बघायची मला सवय आहे. त्यात आकाश पांढरं येतं, तारे काळे, आणि दिव्याच्या रेघोट्याही काळ्या.

रविवारी दुपारी तीन वाजता मी चष्मेवाल्याला घरी बोलावलं. तुमच्या आकाशाची फिल्म केली आहे म्हटल्यावर तो खूश होऊन आला. आई बाहेरच्या खोलीत उशीचे अभ्रे शिवत बसली होती. आतल्या खोलीच्या खिडक्यांना मी कायम काळा कागद लावून ठेवते. दार लावलं की तिथे दुपारसुद्धा उरत नाही. डबा उघडला तेव्हा आंबट वास आला, व्हिनेगरसारखा. फिल्म जुनी होऊन कुजायला लागली की तो वास येतो. पण त्याला तीस-चाळीस वर्षं लागतात, आणि ही फिल्म मी गुरुवारी धुतली होती. माझं लक्ष तेव्हा रागात होतं. मी वासाकडे दुर्लक्ष केलं.

मशीन सुरू झालं. खटखट, खटखट, एका लयीत. पडद्यावर पांढरंशुभ्र आकाश उजळलं आणि त्यावर मोहरीसारखे काळे तारे हळूहळू सरकायला लागले.

"हे उलटं आहे," तो म्हणाला.

"असू द्या. बघा."

पहिली काळी रेघोटी आली. मग दुसरी. मग ती वळवळत राहिली, खाणीच्या भिंतीवर, वरखाली, वरखाली. तो चष्मा काढून पुसायला लागला.

"विमान..."

"खाणीच्या भिंतीत?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मशीनची खटखट तेवढी चालू होती.

"एकाहत्तर मिनिटं," मी म्हणाले. "तुम्ही तर झोपला होतात ना?"

 मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "दिसला होता... दिवा दिसला होता. मला वाटलं, भांडण झालंय म्हणून मुद्दाम करतोय. माझे फोटो बिघडवायला. मी म्हटलं, कर, कितीही कर... रचताना सगळं निघून जातं. टोपी डोळ्यांवर ओढली आणि पडून राहिलो. सुट्या फोटोंत ते राहिलं असेल, हे नंतर डोक्यातही आलं नाही."

हे तो ज्या आवाजात बोलला ना, त्याच आवाजात तो गिऱ्हाइकांना नंबर वाढल्याचं सांगतो. मला त्याचा गळा धरावासा वाटला. "उठा. आई बाहेर बसली आहे. हेच तिला सांगा, अगदी याच शब्दांत," मी म्हणाले.

"आता काय उपयोग आहे ताई? काकूंना उगाच त्रास..."

तेवढ्यात मी पडद्याकडे पाहिलं. रेघोटी संपली होती. पण आकाश रिकामं नव्हतं. खाणीच्या अलीकडच्या कडेवर काहीतरी उभं होतं, माणसाएवढं. निगेटिव्हमध्ये जे काळं असतं ते पांढरं दिसतं. हे आकाशापेक्षाही पांढरं होतं. दोन-दोन चौकटींनी ते पुढे येत होतं. पाय हलताना दिसत नव्हते. आधी तिथे होतं, मग इथे होतं. कॉम्प्युटरवर मी हे फोटो चार वेळा पाहिले होते. त्यात हे नव्हतं.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "ताई, हे काय केलंत तुम्ही?"

मी काहीच केलं नव्हतं. ते लेन्सला भिडलं आणि पडदा कोरा पांढरा झाला. झाकण लावलेले फोटो सुरू झाले होते. ते तसेच कोरे जायला हवे होते. पण त्या पांढऱ्यातून करडं काहीतरी वर यायला लागलं. गाडीची काच. काचेपलीकडे चष्मेवाला, जागा, थर्मासमधून कपात काहीतरी ओतताना. फोटो बाहेरून घेतला होता, काचेला नाक लावून घ्यावा तसा.

"झाकण लावून मी गाडीत येऊन बसलो होतो," तो पुटपुटला. "कॉफी घेत होतो... बाहेर कोणी नव्हतं. ताई, कोणी नव्हतं बाहेर!"

मी चाकाकडे पाहिलं. फिल्म आता संपायला हवी होती. चाकावर अजून बोटभर गुंडाळी शिल्लक होती. खोलीत तो आंबट वास एवढा वाढला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग आला पलंग. त्यावर चष्मेवाला, झोपलेला. पुन्हा तोच, वेगळ्या सदऱ्यात. पुन्हा तोच, कुशीवर. रात्रीमागून रात्री, पलंगाच्या बाजूला उभं राहून घेतलेल्या, आणि प्रत्येक वेळी आदल्या रात्रीपेक्षा थोडं वाकून. शेवटी तर नुसता एक मिटलेला डोळा पडदाभर आला.

"ही चादर..." त्याने पडद्याकडे बोट केलं. "ही चादर आम्ही गेल्या महिन्यात आणली..."

मला काय वाटलं, सांगू? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला होता आणि तरी मनातल्या मनात मी म्हणत होते, शाब्बास रे घुबडा. सोडू नकोस. आठ महिने आम्ही तुला रागीट म्हणून बोल लावला, आणि तू खरंच किती रागावला आहेस ते याला दाखव.

"त्याला काय हवंय ते तुम्हाला कळतंय ना? की अजून फिल्म बघायची आहे?" मी विचारलं.

तो उठला. बाहेर जाऊन आईसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. आईने सुई कापडात टोचून ठेवली.

"तुला दिवा दिसला होता?"

"हो, काकू."

"किती वेळ?"

"...बराच वेळ."

आई त्याच्याकडे पाहत राहिली. "जा," ती म्हणाली. "बूट घालायलाही थांबू नकोस." आणि तो खरंच बूट हातात घेऊन जिना उतरला.

आईने खालच्या खणातून भावाचा फोटो काढला, पदराने पुसला आणि छातीशी धरून बसली. आठ महिन्यांचं रडणं तिने त्या एका संध्याकाळी रडून घेतलं. "माझं लेकरू मला हाका मारत होतं आणि मी त्याच्यावर रुसले," म्हणत होती. मीही रडले. मला वाटलं, संपलं.

पुढच्या शनिवारी चष्मेवाल्याचा फोन आला. "ताई, तुमचे आभार मानायला फोन केला. बोलून टाकलं, मन हलकं झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागतेय. आमच्या झोपायच्या खोलीतला तो आंबट वाससुद्धा गेला."

बघा म्हणजे! माझा भाऊ जिवानिशी गेला आणि याला झोप लागतेय! मी फोन आपटला. पण त्याचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, कारण तो वास आता आमच्या घरात होता. आतल्या खोलीतच नव्हे, बाहेरही, उशांनाही. मी डबा उघडून फिल्म मोजली. छत्तीस फूट भरली. जोड कुठेही नव्हता, सलग फिल्म होती. मी पुन्हा मोजली.

"काय मोजतेस?" आई दारात उभी होती. "ती फिल्म आहे ना? मला बघू दे."

मी नको म्हटलं. हात जोडले. पण आईने एकदा बसकण मारली की मारली.

मी मशीन लावलं. मनात ठरवलं होतं, रेघोट्या संपल्या की बंद करायचं, पुढचं दाखवायचं नाही. आई पुढे होऊन पडद्याच्या अगदी जवळ बसली. पांढरं आकाश, काळे तारे. रेघोटी आली. आई हुंदका देईल म्हणून मी वाट पाहत होते. ती रडली नाही. मान वाकडी करून बघत राहिली.

"थांबव."

"आई, जास्त वेळ थांबवलं तर फिल्म जळते."

"जळू दे. थांबव म्हणते ना."

मी खटका दाबला. चित्र थिजलं. आई उठली आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा त्याचा हात ना? दिवा याच हातात आहे?"

"हो."

"गाडी कुठे होती?"

"इकडे, कॅमेऱ्याजवळ. म्हणजे आपण बसलोय तिथे."

"मग तो दिवा इकडे धरून का नाही हलवत?" आई म्हणाली. "तो तर तिकडे हलवतोय. भिंतीकडे तोंड करून."

मी बघितलं. दिवा कॅमेऱ्याकडे रोखलेला असता तर चांगला जाडजूड डाग आला असता. या रेघा बारीक होत्या, बाजूने दिसणाऱ्या दिव्याच्या. हाडातली केसाएवढी भेग शोधायचा मी पगार घेते, आणि मला हे दिसलं नव्हतं. चार वेळा पाहूनही दिसलं नव्हतं. मला चष्मेवाल्याला पकडायचं होतं, तेवढंच मी बघितलं.

आईचं बोट रेघोटीच्या पलीकडे सरकलं. कपारीच्या आतल्या बाजूला एक पट्टा बाकीच्या पांढऱ्यापेक्षा जास्त पांढरा होता. माणसाएवढा.

"हा कोण?"

 मी खटका सोडला. फिल्म पुढे सरकली. काळी रेघोटी वरखाली, वरखाली होत होती, आणि तो पांढरा पट्टा प्रत्येक चौकटीत मागे व्हायचा, पुढे यायचा. रेघोटी आली की मागे. जरा थांबली की पुढे. एकाहत्तर मिनिटं.

"तो कुणाला बोलवत नव्हता गं," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तो त्याला जवळ येऊ देत नव्हता."

मग रेघोटी क्षीण झाली आणि थांबली. दिव्याचे सेल संपले असणार. पांढरं पुढे आलं. त्यानंतर ते खाणीच्या कडेवर चढून कॅमेऱ्याकडे यायला लागलं, तेच, ज्याला मी शाब्बास म्हटलं होतं. जे माझ्या भावाचा राग समजून मी फूट-फूट मोजून घरात आणलं होतं.

मशीन बंद करायचं मला भान राहिलं नाही. गाडीची काच येऊन गेली, चष्मेवाल्याचा पलंग येऊन गेला. मग नवे फूट सुरू झाले. आमचा जिना. आमचं बाहेरचं दार, बाहेरून. मग खोली; ही नाही, पलीकडची. शेजारी-शेजारी लावलेले दोन पलंग, एकावर आई, एकावर मी, आणि पायथ्याशी ते. आई माझा हात घट्ट धरून उभी होती. "नीट बघ," ती म्हणाली. "मध्ये बघ."

आमचे पाय आणि ते, यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघोटी होती. वरखाली, वरखाली.

फिल्म मी जाळून पाहिली. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा जड लागला. आता मी तिला जाळायला जात नाही; रोज संध्याकाळी, दिवस असतानाच, शेवटचे फूट लावून बघते. दुसरं कशाकडे बघायचं? पहिल्या रात्रीची रेघोटी पडद्यावर वीतभर होती. कालची बोटाएवढी होती.

आई काही घाबरत नाही. ती त्याच्यावर रागावतेसुद्धा, पूर्वीसारखी. "कितीदा सांगितलं होतं, निघताना जास्तीचे सेल घेत जा," असं फोटोकडे बघून म्हणते. आता ती रोज झोपताना दुकानातून आणलेले दोन नवे सेल पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवते. सकाळी उठून मी ते टॉर्चमध्ये घालून बघते. रोज ते पूर्ण संपलेले असतात. रेघोटी मात्र वाढत नाही.